दहाव्या विधानाचा बचाव

ऋताच्या प्रबंधाचा विषय खरं तर एक मारामारी होता. मुखपृष्ठावर अर्थातच तसं छापलेलं नव्हतं; तिथं 'विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचं अभियांत्रिकी शिक्षण' असं चारचौघांत सांगता येईल असं नाव होतं. पण आतली सगळी प्रकरणं येऊन आदळत होती ती एकाच प्रसंगावर. १९०१ साली, ती शिकत होती त्याच डच विद्यापीठात, इंजिनियरला गणित शिकवावं की हातोडा चालवायला शिकवावं यावरून दोन प्राध्यापक एकमेकांना भिडले. गणितवाल्याचे दात पडले, कार्यशाळावाल्याचा कान फाटला, आणि दुसऱ्याच दिवशी वेळापत्रक लागलं: सकाळी फळा, दुपारी हातोडा. शिक्षणाचे प्रश्न तेव्हा असे झटपट सुटत, असा ऋताचा निष्कर्ष होता.

आज त्या प्रबंधाचा जाहीर बचाव होता. पदवी मिळाली तर रॉटरडॅमला बंदरावरच्या एका संग्रहालयात नोकरी आणि नवं परमिट. नाही मिळाली तर महिनाअखेर गाशा गुंडाळून पुणं.

नियम सोपे होते. उमेदवारानं पाऊण तास व्यासपीठावर उभं राहायचं आणि येईल त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. वेळ संपली की झगा घातलेला चोपदार आत येतो, हातातला दंड जमिनीवर आपटतो आणि लॅटिनमध्ये 'होरा एस्ट' म्हणतो, म्हणजे वेळ झाली. मग जो जिथं असेल तिथं थांबतो. तोवर एक जरी प्रश्न अनुत्तरित राहिला, तरी पदवी गेली.

उमेदवाराच्या शेजारी पॅरानिम्फ नावाचा एक सोबती उभा असतो. पूर्वी चर्चा रंगली की विद्वान अंगावर धावून येत, तेव्हा मध्ये पडायला हा धट्टाकट्टा मित्र. हल्ली तो पाणी ओततो. ऋताचा पॅरानिम्फ अंबरीश. तो स्लोटरडाइक भागातल्या एका ऑफिसात सर्व्हर सांभाळायचा. रजा टाकून, भाड्याचा टेलकोट चढवून आला होता आणि फार मनापासून पाणी ओतत होता. पहिल्या रांगेत ऋताची आई लीलावतीबाई, पैठणीवर पफर जॅकेट घालून.

प्रबंधाला दहा विधानं जोडायची पद्धत आहे. नऊ गंभीर, दहावं गमतीचं. मात्र गमतीचंही सिद्ध करता आलं पाहिजे. ही शेवटची अट ऋतानं डच लोकांचा विनोद समजून सोडून दिली. तिचं दहावं विधान असं: 'ज्याच्या हातावर कधी हातोडा बसला नाही, त्यानं इंजिनियर घडवू नयेत.'

परीक्षकांतले गणिताचे प्राध्यापक देकर उठले. "मी थेट बोलतो, राग मानू नका."

डच माणूस असं म्हणाला की शहाण्यानं आधी खुर्ची घट्ट धरावी.

"मी आयुष्यभर इंजिनियरांना गणित शिकवलं. माझ्या हातावर हातोडा कधी बसला नाही. म्हणजे मी नालायक?"

ऋतानं परीक्षक समितीच्या अध्यक्षबाईंकडे पाहिलं. "प्रश्न नियमात बसतो," त्या म्हणाल्या.

"अतिविद्वान प्रश्नकर्ते," ऋता म्हणाली, कारण तिथं असंच म्हणावं लागतं, "विधानाप्रमाणे, हो."

परीक्षकांतले दुसरे, कार्यशाळेचे प्राध्यापक फान हूक, यांनी स्वतःचा चेपलेला अंगठा सभागृहाला पदकासारखा दाखवला.

"मग सिद्ध करा," देकर म्हणाले. टेबलावर ऋतानंच प्रदर्शनासाठी मांडलेला १९०१ चा हातोडा होता. त्याच्याशेजारी त्यांनी आपला उजवा हात पसरला. "मला लायक करून दाखवा."

"मार," अंबरीश कुजबुजला.

"वेडा आहेस का तू?"

"उत्तर दिलं नाहीस तर गेलीस. मार, पण हळू."

"हळू चालत नाही," फान हूक म्हणाले. त्यांचे कान तिखट होते. "त्या काळच्या अभ्यासक्रमात पूर्ण घाव आहे. तुमचंच तिसरं प्रकरण बघा."

ऋतानं पूर्ण घाव घातला. पेन्सिलींची जुडी मोडावी तसा आवाज झाला. देकर आधी पांढरे झाले, मग जांभळे, आणि मग म्हणाले, "रोचक." त्यानंतर वळून त्यांनी डाव्या हातानं फान हूक यांच्या कानाखाली वाजवली.

"संदर्भ?" फान हूक यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता देकरांचा टाय धरून त्यांचं डोकं टेबलावर आपटलं.

"हा प्रश्न आहे की टिप्पणी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"टिप्पणी."

"थोडक्यात ठेवा."

देकर उठले. ओठातून रक्त गळत होतं, पण त्यांची विचारांची साखळी तुटली नव्हती. "ठीक. मी आता लायक. पण पदवी मिळाली की उमेदवारालाही इंजिनियर घडवायचा हक्क मिळणार. तुमच्या हातावर कधी हातोडा बसला आहे?"

"नाही," ऋता म्हणाली.

"मग तुमच्याच विधानाप्रमाणे तुम्हाला पदवी देता येत नाही."

घड्याळात दोन-चार मिनिटं उरली होती. ऋतानं एकदा आईकडे पाहिलं, आणि डावा हात टेबलावर ठेवला. देकरांनी हातोडा उचलला.

इथं अंबरीशला आपलं ऐतिहासिक कर्तव्य आठवलं. त्यानं पाण्याचा जग टेबलावर ठेवला आणि देकरांच्या पाठीवर उडी घेतली. फान हूक तत्त्वतः हातोड्याच्या बाजूचे. त्यांनी अंबरीशच्या पोटात ठोसा लगावला. अंबरीशनं लाथ घातली. लाथेनं उडालेला जग फुटला, तो फान हूक यांच्या डोक्यावर.

"काकू, तुम्ही तरी सांगा हिला," अंबरीश देकरांच्या पाठीवरून ओरडला.

लीलावतीबाई व्यासपीठावर चढल्या. "अरे, सोड त्यांना. पोरीनं चार वर्षं घातली आहेत यात." त्यांनी ऋताचं मनगट टेबलावर दाबून धरलं. "बोटं पसर गं. एकावर भागेल."

"अंबरीश, उतर खाली," ऋता म्हणाली.

"तुला वाचवणं माझं काम आहे."

ऋतानं मोकळ्या हातानं प्रबंध उचलला. पुठ्ठाबांधणी, परिशिष्टांसह. तो तिनं अंबरीशच्या नाकावर हाणला. प्रबंध एवढा उपयोगी पडेल असं चार वर्षांत तिला कुणीच सांगितलं नव्हतं. अंबरीश घसरून खाली पडला. देकरांना डाव्या हाताची सवय नव्हती. पहिल्या घावानं टेबलाचा कोपरा उडाला. दुसरा करंगळीवर बसला.

ऋताला तारे, ग्रह आणि एक-दोन अप्रकाशित नक्षत्रं दिसली. "अतिविद्वान प्रश्नकर्ते," ती दातांतून म्हणाली, "आता बसला आहे."

दार उघडलं. चोपदारानं दंड आपटला. "होरा एस्ट."

फान हूक यांची वर गेलेली मूठ हवेतच उघडली आणि तिनं देकरांची कॉलर सारखी केली. परीक्षक ओळीनं बाहेर गेले, ओळीनं परत आले. पदवी एकमतानं दिल्याचं अध्यक्षबाईंनी जाहीर केलं. देकरांनी डाव्या हातानं सही केली. ती नकाशावरच्या नदीसारखी दिसत होती.

"सरांच्या पाया पड," लीलावतीबाई म्हणाल्या.

ऋता वाकली. देकरांच्या बाजूनं पाहिलं तर आपला हात मोडणारी बाई आता आपल्या गुडघ्यांकडे निघाली होती. त्यांनी कुणीही माणूस करील तेच केलं. गुडघा थेट तिच्या नाकावर आला.

"अभिनंदन, डॉक्टर," ते गडबडून म्हणाले आणि रुमाल पुढे केला.

लीलावतीबाईंनी पदवीची नळी काखेत मारली. "इथली पद्धत असेल," त्या म्हणाल्या. "चल, आता दुसऱ्या सरांच्याही पड."

फान हूक यांनी एक पाऊल मागे घेतलं आणि पाय रोवले.