गट्टूखालचा योना

मी एक जुना बेडूक आहे. अकोटच्या एका छोट्या चर्चच्या अंगणात, काळ्या मातीत माझं घर आहे. मित्रांनो, बायबलात आमचाही उल्लेख आहे, पण मिसर देशावर आलेलं संकट म्हणून. त्यामुळे तो मी फारसा सांगत नाही.

दिवाळीनंतर ओल सरली की आम्ही मागच्या पायांनी माती उकरत खोल जातो आणि अंगाभोवती कातडीची गोधडी करून झोपतो. पाणी मुरलं की जागे होतो. मात्र या उन्हाळ्यात मी झोपेत असताना अंगणाला सिमेंटचे गट्टू, म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, लागले. चिखलाने पाय भरू नयेत म्हणून. कुणाचे, हे विचारायला मी जागा नव्हतो.

पहिल्या पावसाचं पाणी फटींतून झिरपलं. मी वर निघालो आणि डोकं गट्टूला लागलं. डावीकडे गेलो, गट्टू. उजवीकडे गेलो, तिथेही गट्टू. अंगाची गोधडी तर मी उठल्याबरोबर खाऊन टाकली होती. परत झोपायचीही सोय उरली नाही.

तो रविवार होता. वर रविवारच्या शाळेचे भगवंत सर मुलांना बायबलातल्या योनाची, देवाचं न ऐकता पळाला आणि माशाने गिळला त्याची, गोष्ट सांगत होते.

"तीन दिवस, मुलांनो! माशाच्या पोटात तीन दिवस!"

मी कधीपासून आत होतो, ते वर सांगितलंच आहे. न राहवून ओरडलो.

"सर, जमीन वरडून राहिली!" खुशी नावाची मुलगी म्हणाली.

सरांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा उजळला असावा, कारण आवाज उजळला. "पाहा! हाही एक योनाच. अंधारात प्रार्थना करून राहिला!"

मी प्रार्थना करत नव्हतो. मला श्वास पुरत नव्हता.

"अवो, त्या जीवाले बाहेर काढा न," सरांच्या बायको रूपालीबाई म्हणाल्या.

"थांब जराशी. दृष्टांत पुरा होऊ दे."

"माशानं तरी तिसऱ्या दिवशी ओकलं. तुमचा गट्टू कधी ओकन?"

मुलं खदाखदा हसली. मग सब्बलीचा, म्हणजे पहारीचा, खणखणाट झाला आणि माझ्या डोक्यावर आभाळ उघडलं. मी उडी मारली ती थेट सरांच्या चपलेवर.

खुशीने विचारलं, "सर, मंग योनाचं पुढं काय झालं?"

सर दरवर्षी माशापाशीच थांबत. आज त्यांनी बायबलातलं त्या गोष्टीचं शेवटचं पान काढलं. तिथे पापी शहराला देवाने माफ केलं म्हणून रुसलेल्या योनाला देव विचारतो, की एवढ्या शहरातल्या माणसांची आणि गुराढोरांची मला दया येऊ नये काय?

"गुराढोरांत बेंडूक येते काय?" खुशीने विचारलं.

सर चपलेकडे बघत राहिले. "येते," ते हळूच म्हणाले.

मित्रांनो, गट्टू खुशाल लावा, पण भिंतीलगत हातभर माती उघडी ठेवा. आमच्या अंगणात एकच गट्टू निघाला आहे. माझे भाऊबंद अजून खालीच आहेत. कालपर्यंत तिघांचा आवाज येत होता, आज दोघांचा येतो. रूपालीबाई ओणव्या होऊन कान देत फिरताहेत, आणि त्यांच्यामागे सर सब्बल घेऊन. दृष्टांत न सांगता.