उजव्या बाजूचा आवाज

“त्या मागे गुणगुणतायत त्या बाई कोण?” असं फोनवरून विचारलं गेलं, तेव्हा नंबरवाल्याच्या हातात उणे साडेचारची काच होती आणि घासायचं चाक फिरत होतं.

“बाई?” तो म्हणाला. “माझ्या रेकॉर्डिंगमध्ये कुणी बाई नाही.”

“आहे ना. उजव्या बाजूला. अगदी स्पष्ट ऐकू येतंय.”

त्याने चाक बंद केलं. “तुमच्याकडे दुसऱ्या कुणाचं तरी आलं असेल. माझं सगळं मशीनवरचं असतं. गळा नसतो त्यात.”

“पाकिटावर एकोणसाठ लिहिलंय. तुमचंच ना?” रेडिओवरच्या बाई म्हणाल्या. “मग तुम्ही एकदा येऊन ऐकाच. आम्हाला ते लावायचंय. पण नावं पूर्ण लागतील.”

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत तो एकवीस वर्षं काचा घासत होता. पुढे मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे, आणि मागे हा चिठ्ठीवरचा नंबर बघून काच बसवून द्यायचा. चेहऱ्यापेक्षा नंबर लक्षात राहायचे म्हणून दुकानात सगळे त्याला नंबरवालेच म्हणत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर तो आधी चष्म्याकडे बघायचा आणि मग माणूस ओळखायचा.

संगीत तो कुठे शिकला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी दुकानातला बिलांचा जुना कॉम्प्युटर मालकांनी टाकायला काढला, तो याने घरी आणला. जुन्या बाजारात एक छोटा कीबोर्ड मिळाला. त्याच्या वरच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. मग हातात मावेल एवढा एक रेकॉर्डर घेतला. त्यावर तो घासायच्या चाकाचा आवाज टिपून आणायचा, चष्म्याची डबी मिटतानाचा टक आवाज टिपून आणायचा, आणि कॉम्प्युटरवर ते इतके संथ करायचा की डबीचा आवाज लांब कुठेतरी मोठं दार लोटल्यासारखा यायचा. त्याला जोडून कीबोर्डवर सूर. कॉम्प्युटर इतका दमलेला होता की सगळं एकत्र साठवायला गेलं की बंदच पडायचा. म्हणून तो कॉम्प्युटरचा आवाज कीबोर्डमध्ये घ्यायचा, तिथून एक वायर रेकॉर्डरला जोडायचा, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाजवायचा. चुकलं की परत पहिल्यापासून. असे एकोणसाठ तुकडे झाले होते; त्यातला शेवटचा त्याने पाकिटात घालून रेडिओला पाठवला होता. वाजवलेलं तपासायला एक इअरफोन होता. त्याची उजवी बाजू पहिल्याच वर्षी गेली. एक कान पुरतो, दुसरा दाराच्या घंटेला मोकळा असलेला बरा, असं म्हणून त्याने तो तसाच वापरला.

वेळ ठरलेली. संध्याकाळी सहा ते आठ. त्याच खोलीत खिडकीपाशी बायको शिंप्याकडची काजं करत बसायची. दिवसाला तीस-पस्तीस शर्ट. कीबोर्डच्या बारक्या स्पीकरचा आवाज तिला चालायचा. “टीव्हीपेक्षा बरं,” असं ती एकदा म्हणाली होती. त्याच्या संगीताबद्दल अकरा वर्षांत तिने दिलेला अभिप्राय तेवढाच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो रेडिओच्या इमारतीत गेला. बाई त्याच्याहून बऱ्याच लहान होत्या. त्यांनी त्याला दोन मोठ्या स्पीकरच्या मधोमध खुर्चीवर बसवलं आणि बटण दाबलं.

डावीकडून त्याचं एकोणसाठ सुरू झालं. ते त्याला पाठ होतं. उजवीकडून आधी नुसती खोली ऐकू आली: पंखा, कात्री ठेवल्याचा आवाज. मग एक बाईचा आवाज. शब्द नाहीत, तोंड मिटलेलं. त्याचे सूर वर जात तेव्हा तो आवाज खाली उतरायचा, आणि ते थांबले की मधली जागा भरून काढायचा. त्याच्याबरोबर एकदाही चालला नाही, पण त्याला सोडूनही गेला नाही.

नंबरवाला पुढे वाकून बसला होता.

“तुमच्या रेकॉर्डरचा स्वतःचा माइक चालूच राहत असणार,” बाई म्हणाल्या. “वायर एका बाजूला आणि माइक दुसऱ्या बाजूला. बऱ्याचदा होतं असं. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?”

“माझा इअरफोन एकाच बाजूचा आहे.”

बाई हसल्या नाहीत. “खरं सांगू का? ते नसतं ना, तर मी हे ठेवून दिलं असतं. वाईट नाही, पण एकटं वाटलं असतं. असे अजून चार द्या, अर्ध्या तासाचा कार्यक्रम करू. कोण आहेत त्या?”

“घरातल्याच,” तो म्हणाला, आणि चहा न घेता निघाला.

मालकांच्या टेबलाच्या खणात चांगला इअरफोन होता, तो त्याने मागून घेतला. पुढचे आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तो रेकॉर्डर ऐकत बसला. एक ते एकोणसाठ. फक्त उजवा कान.

पहिल्या पाच-सहांत ती बोलतच होती. दूध नासलं, खालच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा दारात सायकल लावली, तुम्ही ऐकताय का. मधेमधे त्याचं स्वतःचं “हं”. सातव्यापासून बोलणं कमी झालं आणि गुणगुणणं सुरू झालं. आधी बिचकत, अडखळत, मग सवयीने. दरवेळी वेगळं. घरात ती गुणगुणते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात तो आवाज पंख्याच्या आवाजासारखा झाला होता. चालू असतो, पण कुणी ऐकत नाही.

चौथ्या दिवशी एकतीस नंबर आला. एकतीसच्या मधोमध एक वळण होतं, तीन सूर वर चढून चौथा घसरणारा. ते त्याला इतकं आवडलं होतं की पुढे सात-आठ ठिकाणी त्याने ते फिरवून वापरलं. आपल्या हातून एवढं एक तरी अस्सल निघालं, असं त्याच्या मनात घर करून होतं.

उजव्या कानात ते वळण बायकोने दोन मिनिटं आधी घेतलं होतं. सहज, दोरा ओवता ओवता घ्यावं तसं. मग एकदा परत. आणि मग डाव्या बाजूला त्याच्या बोटांनी ते उचललं होतं.

त्याने तेवढा भाग मागे नेऊन पाच वेळा ऐकला. मालक आत आले आणि म्हणाले, “नंबरवाले, डबा तसाच आहे. बरं नाही का?”

“बरं आहे,” तो म्हणाला. “जरा हिशोब चुकला होता, तो बघत होतो.”

त्या दिवशी त्याने एक काच उलटी बसवली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी तो आठवडाभर काही बोलला नाही. सांगितलं तर ती सावध होईल. नाही सांगितलं तर चोरी. बरं, चोरी केली तेव्हा कळली नव्हती हे खरं, पण आता कळली होती. साठावा तुकडा बसवायचा म्हणून तो रोज सहाला बसत होता. बोटं पट्ट्यांवर आणि कान खिडकीकडे. ती कधी सुरू करतेय याची वाट बघण्यात ताल सुटायचा. सुरू केलं की तो इतका हळू वाजवायचा की तीही थांबायची.

“काय झालंय तुम्हाला?” एकदा तिने विचारलं. “हल्ली वाजवताना असे दबकून बसता, दूध उतू जायची राखण केल्यासारखे.”

तेव्हा त्याने दिवा लावला, रेकॉर्डर तिच्यासमोर ठेवला आणि इअरफोनच्या दोन्ही बाजू तिच्या कानात घातल्या. तिच्या हातात सुई होती, ती तशीच राहिली.

ती पूर्ण सहा मिनिटं ऐकत बसली.

“हा आवाज माझा?” ती म्हणाली. “एवढा जाड?”

“जाड नाही. चांगला आहे.”

“हे कुणी कुणी ऐकलं?”

“रेडिओवरच्या बाईंनी. त्यांना ते लावायचंय. तुझ्यामुळेच लावायचंय, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.”

तिने सुई कापडात टोचून ठेवली. मग एकदम म्हणाली, “अहो, त्यात तुमच्या ताईंबद्दल मी काही बोलले नाहीये ना?”

“अकराव्यात आहे. पण तो नाही देणार.”

“काय बोललेय?”

“त्या आल्या की साखरेचा डबा लपवावा लागतो, असं.”

“खरंच आहे ते,” ती म्हणाली, आणि दोघंही हसली. हसण्याच्या आडोशाने त्याने एकतीसची गोष्टही सांगून टाकली. ते वळण तुझं आहे. मी ते आठ ठिकाणी वापरलंय. मला माहीत नव्हतं.

तिने ते वळण ऐकलं. परत लावायला सांगितलं.

“मला नाही आठवत,” ती म्हणाली. “काजाला कडेने टाके घालताना हात गोल फिरतो ना, त्याच्याबरोबर येत असेल काहीतरी. त्याचं काय एवढं? एका खोलीत बसल्यावर कुणाचं कुणाला लागायचंच.”

“तरी तुझं नाव लावायचं. आधी तुझं.”

“लावा. लग्नपत्रिकेनंतर कुठे छापून आलंय म्हणा.”

कार्यक्रम एका मंगळवारी संध्याकाळी लागला. पाच तुकडे, सगळे जुने. बाईंनी दोघांची नावं घेतली, आधी तिचं. शिंप्याने दुकानातला रेडिओ मोठा केला आणि दुसऱ्या दिवशी शर्टांच्या गठ्ठ्याबरोबर फुलांचा एक गुच्छ पाठवला. ताईंचा फोन आला. त्यांना संगीत फारसं कळलं नव्हतं, पण वहिनीचं नाव ऐकून त्या हरखल्या होत्या. बायको फोनवर बराच वेळ त्यांच्याशी गोड बोलली.

मग बाईंनी नवीन मागितले. मालकांनी ओळखीतून एक चांगला माइक मिळवून दिला. तो बायकोच्या पुढ्यात काठीवर उभा केला.

“तुम्ही वाजवा,” ती म्हणाली. “मी घेते.”

त्याने वाजवलं. तिने घसा साफ केला. एक सूर लावला, तो बरोबर त्याच्या सुरावर बसला आणि तिथेच बसून राहिला. पुढे काय करायचं ते तिला कळेना. तिने हात गोल फिरवून पाहिला, सुईशिवाय. मग सुई घेऊन पाहिला. माइक काढून कपाटामागे ठेवून पाहिला. तरी तो कपाटामागे आहे हे तिला माहीत होतंच.

“आधी मी काय करत होते हेच मला कळत नाही,” तिसऱ्या रविवारी ती म्हणाली. “आता तोंड उघडलं की मीच मला ऐकू येते.”

“नाही आलं तर नाही आलं,” तो म्हणाला.

पण गुणगुणणं नुसतं माइकसमोरच थांबलं नव्हतं. भांडी लावताना, कपडे वाळत घालताना, कुठेच येईना. घर शांत झालं. सव्वीस वर्षं जे ऐकलं नव्हतं, ते आता नाही हे त्याला रोज ऐकू येत होतं. एकदा ती ओट्यापाशी उभी असताना त्याला वाटलं, सुरू झालं. तो जागच्या जागी थांबला. नळाचं पाणी होतं.

“मी सांगायलाच नको होतं,” तो एकदा म्हणाला.

“मग जन्मभर ते वळण स्वतःचं म्हणून वापरलं असतंत,” ती म्हणाली. “आणि रात्री माझ्याकडे पाठ करून झोपला असतात. सांगितलंत ते बरं केलंत. माझं नाव रेडिओवर आलं, ते काय मला नको होतं?” तिने शर्टाची बाही उलटी केली. “फक्त ते वाजवताना माझ्याकडे बघणं बंद करा.”

त्याने खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. साठावा तुकडा त्याने पहिल्यापासून मोडला आणि नव्याने बांधला. बांधताना त्याच्या लक्षात आलं की आपण जागा सोडतोय. चार मात्रा वाजवायचा आणि चार मात्रा हात उचलून ठेवायचा. ठरवलं नव्हतं, हातच तसे चालत होते.

महिनाभर गेला. एका संध्याकाळी तो वाजवत असताना मागून ती म्हणाली, “तिसऱ्या वेळी तुम्ही लवकर आलात.”

“कुठे?”

“मधे थांबता ना, तिथे. आधीच्या दोन वेळी माझे सहा टाके झाले. आता चारच झाले.”

त्याने परत घेतलं. यावेळी तिसऱ्या जागी पूर्ण थांबला. मागे दोरा कापडातून ओढल्याचा आवाज येत होता, एकसारखा. सहावा टाका झाल्यावर त्याने हात टेकवला.

“आता बरोबर,” ती म्हणाली.

खोलीत अंधारून आलं होतं. ती दिवा लावायला उठली, तेव्हा त्याने बोटं पट्ट्यांवरून बाजूला घेतली. ती परत येऊन बसेपर्यंत, सुईत दोरा ओवून होईपर्यंत तो थांबला, आणि मग त्याने पुढचा भाग सुरू केला.