चार नंबरचा डबा

“लाईन बंद होणारे गं! ज्याचं जे काय चालू असेल ते आटपा!”

बाईंनी जिन्याखाली उभं राहून वर आवाज दिला. वरच्या खोलीत सून दिवसभर कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम करायची. हेडफोन गळ्यात अडकवून ती कठड्याशी आली.

“आई, माझी जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. तेवढ्यात उरका हं. नाहीतर साहेबांना काय सांगू? सासूबाई डबे घासायला बसल्यात म्हणून?”

“सांग की. आतून घासतेय म्हणावं.”

सून हसली आणि ताट घ्यायला खाली आली.

घरात वायफायचे चार डबे होते. दिसायला जाडसर वाटीएवढे, पांढरे, पोटावर एक बारीक दिवा. पहिला दाराशी, जिथे बाहेरची तार घरात येते तिथे. दुसरा जिन्याच्या वळणावर, तिसरा वर सुनेच्या खोलीत आणि चौथा अगदी मागच्या खोलीत. एकाने दुसऱ्याच्या हातात द्यावं तशी ते एकमेकांना लाईन पोचवायचे. प्रत्येकावर रंगाच्या पेनने ठसठशीत आकडा घातला होता. तो आकडा बाईंच्या यजमानांच्या हातचा.

यजमान टेलिफोन खात्यात लाइनमन होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी गल्ली त्यांना लाइनमनच म्हणायची. हे डबे त्यांनी हौसेने बसवले होते, आणि त्यांची निगाही तेच राखायचे. मधूनमधून कंपनी डब्यांच्या पोटातला प्रोग्राम सुधारून पाठवते. तो चढवायचा म्हणजे घरात सोहळाच. आधी सगळ्या खोल्यांतून फिरून “लाईन बंद होणार” अशी दवंडी. मग मोबाइल घेऊन या डब्यापासून त्या डब्यापर्यंत येरझाऱ्या. आणि शेवटी दाराशी उभं राहून खांबावरून ओरडावं तसं खणखणीत, “आली का?” त्यावर ज्याने त्याने आपापल्या खोलीतून “आली!” म्हणायचं. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, तोवर तोही म्हणायचा. बाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, पण वैतागून. “आली हो आली, आता दूध आणता का?”

गेल्या वर्षी लाइनमनना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. कळायचं सगळं, पण शब्द ओठांशी येऊन परत फिरायचा. आता मागची खोली हेच त्यांचं जग होतं. डाव्या हाताशी एक चमचा ठेवलेला असायचा. काही हवं असलं की पलंगाच्या दांडीवर टुकटुक वाजवायचे.

रोज दुपारी चार वाजता एक स्पीच थेरपिस्ट, बाईंच्या भाषेत ‘बोलायला शिकवणारी पोरगी’, टॅबच्या पडद्यावर यायची आणि त्यांच्याकडून शब्द घोटून घ्यायची. पण गेले काही दिवस मागच्या खोलीत लाईन टिकत नव्हती. पोरगी म्हणायची, “काका, ओठ मिटा आणि...” की पडदा गोठला. दोन तास तसेच बुडाले होते. काल तिने फोन करून अवघडत सांगितलं, “काकू, इथं नियम आहे. तिसरा तास बुडाला की जागा पुढच्या पेशंटला द्यावी लागते. रांग मोठी आहे हो. मला फार वाईट वाटतं सांगायला.”

“बुडणार नाही,” बाई म्हणाल्या होत्या. कशाच्या जोरावर, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मोबाइलच्या नेटवर भागलं असतं, पण मागच्या खोलीत मोबाइलला रेंज यायची नाही. लाइनमनना पुढच्या खोलीत आणावं, तर उचलायला येणारा माणूस फक्त सकाळी यायचा. रात्री मुलाने फोनवर सांगितलं, “आई, अ‍ॅपमध्ये अपडेट आलंय. तुटणारी लाईन सुधारेल असं लिहिलंय. कर, नाहीतर मीच इथून करतो.” मग म्हणाला, “खरं तर ते डबेच काढून टाकू. जुने झालेत. नवीन मागवतो.”

“चारच्या आत येतील?”

“एवढ्या लवकर कसे येतील?”

“मग राहू देत. तुझ्या बाबांनी बसवलेत, मी चालवते.”

आणि आज बाई दाराशी, एक नंबरच्या डब्यासमोर, चष्मा नाकावर आणून उभ्या होत्या. तीस-एक वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गावर काढलेली बाई ती. आकडे घातलेले डबे दिसल्यावर तिने काय करावं? हजेरी घेतली. एक नंबर, पुढे ये.

अ‍ॅपवर बोट टेकवलं. दिवा पिवळा होऊन लुकलुकायला लागला.

मागून आवाज आला. टुकटुक, टुकटुक.

“आले हो, एक मिनिट!”

एक नंबर पांढरा झाला. बाई जिन्यावर दोन नंबरकडे गेल्या. टुकटुक पुन्हा आली, या वेळी जोरात.

“अगं, त्यांना पाणी हवंय का बघ जरा,” बाईंनी सुनेला सांगितलं.

सून घास हातात धरूनच जाऊन आली. “पाणी नको म्हणतात. पंखाही नको. तुमच्याकडेच हात करताहेत. रागावलेत पण.”

“रागावू देत. त्यांच्याशिवाय डब्याला हात लावला ना मी.”

दोन झाला, तीन झाला. सूनबाई खूश होऊन वर गेली. टुकटुक थांबली होती. बाई कमरेवर हात ठेवून ऐटीत मागच्या खोलीत आल्या. “बघा, झाले तीन. आता तुमचा लाडका.”

लाइनमन भिंतीकडे तोंड करून पडले होते. वर भिंतीला क्लिपा ठोकून नीट बसवलेल्या चार नंबरच्या डब्याचा दिवा लालभडक झाला होता.

बाईंनी अ‍ॅप उघडलं. तीन डबे दिसत होते, चौथा नव्हताच. जणू त्या नावाचं मूल कधी शाळेत आलंच नव्हतं. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. घड्याळात तीनला थोडी मिनिटं कमी होती.

त्यांनी दाराशी जाऊन, रेंज शोधत मुलाला फोन लावला.

“मी इथून बघतो हं, आई... नाही गं, मलाही दिसत नाहीये. बंद करून चालू करून बघ.”

केलं. लालच.

“मग गेला बहुतेक तो. सगळ्यात जुना होता ना. आई, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी काय चूक त्यात?”

फोन ठेवून बाई पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या. “बिघडवलं हो मी,” त्या हळूच म्हणाल्या.

लाइनमननी मान वळवली. डोळ्यांत राग नव्हता. डाव्या हाताने त्यांनी चमचा चाचपला आणि दांडीवर वाजवला. टुक टुक टुक टुक. थांबले. मग टुक टुक टुक. थांबले. टुक टुक. मग एकदाच टुक.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी पुन्हा तसंच वाजवलं, हळू, मंद पोराला समजवावं तसं. चार. तीन. दोन. एक.

“शेवटून?” बाई म्हणाल्या. “चार नंबरपासून सुरुवात करायची होती?”

लाइनमननी डोळे मिटून उघडले. हो.

बाईंच्या डोक्यात एकदम उजेड पडला. चार नंबर लाईन घ्यायचा दोन नंबरकडून. पुढच्या बाकांना नवा धडा शिकवून टाकला आणि मागच्या बाकावरचं पोर जुन्याच पानावर राहिलं. आता त्यांचं बोलणं याला कळेना, याचं त्यांना. म्हणून लाइनमन टोकापासून मागे मागे यायचे, दाराचा डबा अगदी शेवटी. इतकी वर्षं त्या येरझाऱ्या बाईंनी डोळ्यांदेखत बघितल्या होत्या, पण कुठून कुठे जातात ते कधी पाहिलं नव्हतं.

आणि मघाशी तो माणूस हेच तर सांगत होता. वर्गात कोपऱ्यातलं अर्धवट वर झालेलं बोटसुद्धा आपल्या नजरेतून सुटत नाही, याचा बाईंना केवढा तोरा. आज आख्खा हात दांडीवर आपटत होता आणि त्या म्हणत होत्या, एक मिनिट.

डोळे पुसायला त्यांनी पदर उचलला आणि तसाच खाली टाकला. रडायला चार वाजल्यानंतर वेळच वेळ होता.

“बरं, चुकलं. आता पुढे काय करायचं ते सांगा. मी विचारते, तुम्ही वाजवा. फेकून द्यायचा?”

चमचा गप्प.

“दुरुस्त होतो?”

टुक.

“कशाने?”

चमचा कपाटाकडे वळला. बाईंनी तळाशी ठेवलेली त्यांची जुनी कामाची पिशवी ओढून काढली आणि एकेक वस्तू वर धरायला लागल्या. पकड? नाही. चिकटपट्टी? नाही. स्क्रूड्रायव्हर? टुक, पण डोळे अजून पिशवीतच. बाईंनी घाई केली नाही. पोराला शब्द आठवत नसला की आपण तो पटकन सांगून टाकायचा नसतो, थांबायचं असतं. हे त्यांच्या हाडीमासी मुरलेलं होतं. शेवटी तळातून निळ्या तारेची एक गुंडाळी निघाली, दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या कळ्या असलेली.

टुक टुक टुक!

“हो हो, पलंग मोडाल.”

चमच्याने डब्याकडे दाखवलं, मग दाराच्या दिशेने. पुन्हा डबा, पुन्हा दार. बाईंना कळलं. हवेतून बोलणं कळत नाही, तर तारेनेच कानाशी लावायचं.

स्टुलावर चढून त्या क्लिपा सोडवू लागल्या. वरून सून धावत आली. “आई! पडाल! मला नाही का बोलवायचं?”

“तुझी सुट्टी संपली ना.”

“साहेबांना सांगितलं, घरी डबा पडला म्हणून. उतरा आधी.”

डबा दोघींनी दाराशी नेला. तारेचं एक टोक एक नंबरमध्ये, दुसरं चार नंबरमध्ये. बटण दाबलं. लाल दिवा बराच वेळ तसाच राहिला. मग एकाएकी अ‍ॅपमध्ये चौथा डबा उगवला, नावासकट. बाईंनी अपडेटवर बोट ठेवलं आणि दिवा पिवळा होऊन लुकलुकू लागला.

लुकलुकतच राहिला. बाकीच्या तिघांना एवढा वेळ लागला नव्हता. घड्याळाचा काटा चारकडे सरकायला लागला. मुलाचा फोन आला.

“आई, अडकला असेल तो. एकदा बंद करून चालू कर.”

“नाही.”

“अगं, चार वाजताहेत.”

“वाजू देत. मघाशी केलं ना तुझं ऐकून? अडखळणाऱ्या पोराला मध्येच खाली बसवलं की ते पुन्हा उठत नाही. मी बसलेय इथे.”

मुलगा म्हणाला, “शाळेत मी पाढे म्हणताना तू अशीच बसायचीस. मला घाम फुटायचा.”

“आले ना शेवटी पाढे?”

“बाराचा नाही आला अजून.”

सून फिदीफिदी हसली. बाई हसल्या नाहीत. त्या उंबऱ्याशी मांडी घालून बसल्या होत्या, नजर दिव्यावर. हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते, चुकून बटणाकडे जाऊ नयेत म्हणून.

दिवा विझला.

बाई हलल्या नाहीत. क्षण गेला, दुसरा गेला. मग एक फिकट ठिपका उमटला आणि स्वच्छ पांढरा झाला.

“चला,” म्हणत, फोन चालूच उंबऱ्याशी ठेवून बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. सुनेने तार काढली. डबा पुन्हा मागच्या खोलीत गेला, त्याच क्लिपांत, आकडा समोर येईल असा. लाइनमन बघत होते. बाईंनी टॅब पलंगाच्या टेबलावर उभा केला, त्यांच्या अंगावरची चादर नीट केली, केसांवरून कंगवा फिरवला. “पोरगी यायची वेळ झाली. शिस्तीत बसा.”

मग त्या खोलीतून निघाल्या आणि थेट दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. सून जिन्यावर थबकली. “आता काय राहिलं?”

बाईंनी घसा साफ केला. वर्गाचा आवाज वेगळा आणि हा वेगळा. हा आवाज त्यांनी आयुष्यात काढला नव्हता. तो या घरात दुसऱ्याचा होता.

“आली का?”

सुनेच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. ती लगबगीने वर गेली, आणि तिच्या खोलीतून आवाज आला, “आली!” उंबऱ्याशी ठेवलेल्या मोबाइलमधून मुलगा म्हणाला, “इथून काय सांगू, आई?” आणि मग त्यानेही म्हटलं, “आली.”

मागच्या खोलीतून काहीच आलं नाही. बाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मागच्या खोलीत पडद्यावरची पोरगी म्हणत होती, “नमस्कार काका, आज किती स्वच्छ दिसताय! करायची सुरुवात?” आणि त्या बोलण्याखालून, तिला नव्हे, दाराच्या दिशेने, दांडीवर एकदाच चमचा वाजला.