टाचेकडं सरकव गो

“जरा टाचेकडं सरकव गो.”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी अजून जेवणं उरकली, मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला, की मी कान देऊन असते. वाटतं, आता ती हाक येणार.

मित्रांनो, मी एक जुनी शेकायची पिशवी आहे. रबराची, तांबडी, एका अंगाला रेघा असलेली, दुसऱ्या अंगाला गुळगुळीत. कामोठ्यातल्या एका फ्लॅटमध्ये दारामागच्या खिळ्याला मी उलटी टांगलेली असते. गळ्याला भेगा पडल्यात, पोटात पाण्याचा थेंब नाही. तरी मला कुणी टाकून देत नाही. का देत नाहीत, त्याचीच ही गोष्ट.

मी जन्मले एका कारखान्यात, साच्यातून. तिथून आले पनवेलच्या बाजारात, औषधांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात. एका थंडीत किशोरी दुकानात आली. दुकानदारानं माझ्या तोंडात हवा भरून, मला कानाशी धरून, कुठून गळत नाही ना ते तिला ऐकवलं. तिनं मला पर्समध्ये कोंबलं आणि धावतच सहा आसनी रिक्षा गाठली. किशोरी नेहमीच धावायची. सकाळी घर, दुपारी बाजार, संध्याकाळी शिकवणीचे वर्ग. तिचं बसणं मी क्वचितच पाहिलं.

तिनं मला घेतलं होतं ते सासूचे पाय शेकायला. सासूबाई गंगाबाई, मूळच्या गव्हाणच्या. परकर नेसायच्या वयापासून त्या मिठागरात राबलेल्या. खाली खारं पाणी, वर ऊन आणि पायात काही नाही. मीठ ओढता ओढता त्यांची पावलं अशी झाली होती, की जणू भरती-ओहोटीनं चाटून टणक केलेले खाडीकाठचे दगड. पुढे मिठागर गेलं, गाव मागं राहिलं, मुलगा धनेश बंदरात कामाला लागला आणि गंगाबाई तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. मीठ मात्र त्यांच्या पावलांतून गेलं नाही.

त्यांनी मला पहिल्याच दिवशी नाव दिलं. गोठ्यातल्या गाईला हाक मारावी तसं त्या म्हणाल्या, “माझी तांबडी आन गो.”

मग रोज तसंच होऊ लागलं. किशोरी पाणी तापवायची, पण उकळू द्यायची नाही. मला अर्धीच भरायची, दाबून हवा काढायची, झाकण घट्ट पिळायची, टॉवेलात गुंडाळायची आणि आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची. मग पलंगाच्या कडेला टेकून मला सासूच्या तळव्यांशी धरायची. गंगाबाई सांगायच्या, आता बोटांकडं घे, आता टाचेकडं सरकव, आता पुन्हा बोटांकडं. तेवढ्यात किशोरी वर्गातल्या मुलांच्या गमती सांगायची, गंगाबाई मिठागरातल्या. मी निवून गार व्हायचे, तरी दोघींचं बोलणं काही निवायचं नाही. शेजारणी म्हणायच्या, पिशवीचा गुण आला हो तुम्हाला. मी मनातून फुगायचे. माझ्या शेकानं म्हातारी सुखावते, याहून मोठा मान तो कोणता?

पण किशोरीच्या मनाला काळजी होती. एवढं शेकून पाय का बरे होत नाहीत? कुणीतरी तिला वज्रेश्वरीचं सांगितलं. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांत पाय बुडवले, की जुनी दुखणी जातात म्हणे. तिनं धनेशच्या मागं लागून मित्राची ओम्नी ठरवली. आणि गंगाबाई टाळू लागल्या. एका रविवारी त्यांना उपास आठवला. दुसऱ्या रविवारी पापडांचं पीठ. तिसऱ्या रविवारी गव्हाणहून कुणीतरी येणार होतं, ते काही आलं नाही.

मित्रांनो, त्यांचं टाळणं मला फार बरं वाटायचं. खरं सांगते, मला धास्ती पडली होती. त्या पाण्यानं पाय बरे झाले, तर मला कोण विचारणार? नवल म्हणजे, तीच धास्ती मला गंगाबाईंच्या चेहऱ्यावर दिसायची. त्यांना कसली भीती, ते मला कळेना.

शेवटी एका रविवारी किशोरीनं त्यांना गाडीत बसवलंच. गंगाबाईंनी अट घातली, तांबडी बरोबर पाहिजे. धनेश हसून म्हणाला, “आये, मिठागरावर मिठाची पुडी घेऊन चाललीस तू.” त्यांनी मला मांडीवर घट्ट धरलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

आधी देवीचं दर्शन. किल्ल्यासारखं देऊळ, उंच पायऱ्या, वर नगारखाना. वसई जिंकल्यावर पेशव्यांनी हे देऊळ बांधवलं, असं धनेश सांगत होता. गंगाबाई एकेक पायरी हातानं चाचपत चढल्या. पाय कुठं पडतोय, ते त्या डोळ्यांनी बघत होत्या. ते तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग तानसा नदीच्या काठची कुंडं. पाण्यावर वाफ, हवेत गंधकाचा वास. किशोरीनं गंमत म्हणून मला कुंडात बुडवून भरलं. मित्रांनो, माझ्या पोटात आजवर गॅसवरचंच पाणी आलेलं. हे पाणी कुणीच तापवलं नव्हतं. जमिनीच्या पोटातली ऊब घेऊन ते वर आलं होतं. मला माझा थोरपणा फार लहान वाटला.

कडेच्या कुंडात पाणी जास्तच कढत होतं. किशोरीनं पाऊल टाकलं आणि “आई गं” म्हणून मागं घेतलं. ती साडी सारखी करून वळेपर्यंत गंगाबाई त्याच काठावर बसल्या होत्या. दोन्ही पाय घोट्यांपर्यंत पाण्यात सोडून त्या हळू आवाजात म्हणत होत्या,

“बिनचुलीचं गो पानी, कोनी तापवून ठेविलं
माझ्या आईनं गो न्हान, लेकी-सुनांना काढीलं.”

किशोरी कौतुकानं ऐकत होती. मग तिचं लक्ष पाण्यात गेलं. सासूची पावलं माझ्यासारखी लालभडक झाली होती.

तिनं ओढूनच पाय बाहेर काढले. पोळलं कसं नाही, म्हणून विचारलं. गंगाबाई लुगडं घोट्यांवर ओढू लागल्या. किशोरीनं त्यांना समोर देवळाच्या कळसाकडं बघायला लावलं आणि तळव्याला नखानं जोरात टोचलं. गंगाबाई कळसाकडं बघतच राहिल्या.

येताना गाडीत गंगाबाईंच्या पावलांवर गार ओला पंचा होता. माझ्या पोटातलं कुंडाचं पाणी हळूहळू निवत गेलं, आणि मला कळत गेलं, की इतकी वर्षं माझी ऊब त्या पावलांपर्यंत पोचलीच नव्हती.

मित्रांनो, म्हणून हात जोडून सांगते. माझ्यात कढत पाणी ओतू नका, मला टॉवेलाशिवाय लावू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायांना शेक देण्याआधी विचारा, कळतंय का? विचारून झाल्यावर लगेच उठूनही जाऊ नका.

घरी आल्यावर किशोरीनं मला रिकामं केलं आणि या खिळ्याला टांगलं. सकाळी आधी डॉक्टरकडं जायचं, असं तिनं धनेशला सांगितलं. भांडी झाली. मोरीतला आवाज थांबला. गंगाबाई पलंगावर पाय सोडून दाराकडं बघत होत्या, पण आज हाक मारत नव्हत्या.

किशोरी आली. हातात काहीच नव्हतं. ती नेहमीच्या जागी, पलंगाच्या कडेला टेकली आणि तिनं दोन्ही पावलं मांडीवर घेतली.

“आई, मग रोज टाचेकडं सरकव, बोटांकडं घे, ते काय होतं?”

गंगाबाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग सुनेकडं.

“मिठागरातच मेले गो ते पाय. तांबडीचा शेक मना कदी कललाच नाय. पन तू दिवसभर नुसती धावत असतेस. ही हातात असली, की बसतेस माझ्यापाशी. निवायला आली की उठशील, म्हनून म्हनायची मी, जरा टाचेकडं सरकव.”