सापड्याचा पाय

पर्युषण तोंडावर आलं आणि झटकताना जयणाच्या हातून सासूबाईंचा सापडा पडला. पोथी ठेवायचा जुना सागवानी सापडा. एक पाय तुटला, वाळवीनं पोखरलेल्या तुकड्याचा भुगा झाला. सासूबाई, लाभुबा, देरासरात दर्शनाला गेल्या होत्या. जयणा तशीच दामजी सुताराकडे धावली. त्यानं वाटीत गरम सरस दिला. त्यात लाकडाचा भुसा कालवून तिनं खड्डा बुजवला, पाय चिकटवून सुतळीनं आवळला. सांधा शोधूनही दिसेना, स्वारी खूश.

वाटी परत द्यायला गेली, सापडा जोडल्याचं बोलली तर दामजी म्हणाला, "बेन, हा पोथीपासून लांबच ठेवा. हाडं-चामडं उकळून करतात सरस. खुर्चीबिर्ची जोडायची असेल म्हणून दिला मी."

ज्या घरात कांदा शिरत नाही, तिथं पोथीखाली हाडं. सांगावं तर ऐन पर्युषणात बांच्या जिवाला घोर, न सांगावं तर पाप. आज सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले. चोराच्या मनात चांदणं! बा सापड्याकडे वळल्या तरी हिचा घास ताटातच राही.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, सगळं घर एकमेकांपुढे हात जोडून क्षमा मागत होतं. जयणानं बांपुढे हात जोडले आणि 'मिच्छामि दुक्कडम्' तिच्या ओठावर अडलं. ते नुसतं म्हणून टाकणं तिला जमेना. तिनं सगळं सांगितलं.

"माहीत आहे," बा म्हणाल्या. "अगं, सरसाचा वास काय लपतो? दारातच नाकाला कळलं. तू बाजारात गेलीस तेव्हा गरम पाण्याची फडकी लावून सगळा सोडवला. चिंचोक्याची खळ केली, भुसा कालवला, भरला. पोथी ठेवली ती त्यानंतर. आणि बघ, तुझ्यापेक्षा सफाईनं झालंय."

इतक्या दिवसांनी जयणाला मोकळा श्वास घेता आला. मग रागही आला. "बा, मग मला का नाही सांगितलंत?"

"तू सांगशील म्हणून थांबले. नंतर तुझी तारांबळ बघायला मजा वाटायला लागली. ताटात खाखरा तसाच राहतोय हे रोज दिसत होतं, तरी गप्प बसले."

लाभुबांनी सुनेपुढे हात जोडले, मान खाली घातली.

"मिच्छामि दुक्कडम्, बेटा. उद्या पारण्याला पोटभर जेव."