कडेला उभा असलेला आर्वो

मित्रांनो, मी एक जुना तुकडा आहे, दुधाच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनचा, जेमतेम वीतभर. मला डिफ्यूझर म्हणतात. कॅमेऱ्याच्या फ्लॅशवर मला रबरबँडने बसवलं, की त्याचा झोंबणारा उजेड माझ्यातून मऊ होऊन चेहऱ्यावर पडतो. माझं काम एवढंच. पण असा उजेड ज्यांच्यावर पडला, त्यांतला एकही चेहरा मला सोडून गेलेला नाही.

मला घडवलं आर्वोने. सुपीरियर सरोवराच्या काठी, मिशिगनमधल्या आमच्या गावात तो मासेमारी करायचा. त्याची बायको लेम्पी दर चार-पाच वर्षांनी चर्चच्या पुस्तकासाठी सगळ्या सभासदांचे फोटो काढायची. फ्लॅशचा उजेड मऊ करायला तिने नाना उपाय केले. रुमाल बांधला तर फोटो काळे आले. पातळ कागद लावला, तो करपला. दुकानातून मागवलेल्या डिफ्यूझरने सगळे निळे, आजारी दिसू लागले.

"आजारी कुठले? आपली माणसं दिसतातच अशी!" आर्वो म्हणाला, आणि मासे साफ करायच्या सुरीने त्याने दुधाचा रिकामा कॅन कापला. माझी एक कड वाकडी गेली. ती आजही वाकडीच आहे.

आमच्या गावात कुणी गेलं, की पेपरात चर्चच्या पुस्तकातलाच फोटो छापतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हातारी हिल्या तर खुर्चीत बसल्या बसल्या म्हणायची, "लेम्पी, नीट काढ गं बाई. हाच पेपरात यायचाय." लोक हसायचे, कॉफी प्यायचे. पण महिन्या-दोन महिन्यांनी लेम्पीच्या टेबलावर पेपर पडलेला असायचा आणि त्यात माझ्याच उजेडातला एखादा चेहरा. मला भीती वाटायची. मी या माणसांना उजळतो, की निरोप देतो?

शेवटच्या पुस्तकाच्या वेळी पाठीमागचा निळा पडदा टांगायचा दांडा मोडला होता. पडद्याचं एक टोक खिळ्याला बांधलं आणि दुसरं आर्वोने दिवसभर हातात धरलं. फ्लॅश त्याच्या जाड चष्म्यावर आपटायचा, म्हणून तो चष्मा कपाळावर चढवून उभा होता.

"मागे सरक, फोटोत येशील," लेम्पी ओरडायची.

"नाही येत गं!"

"आणि तू कधी बसणार खुर्चीत?"

"आधी सगळे होऊ देत. मी काय, घरचाच."

सगळे झाले तेव्हा, दर पुस्तकाच्या वेळेसारखाच, रोल संपला होता. "जाऊ दे," आर्वो म्हणाला, "पुढच्या पुस्तकात बसतो."

रोल धुवायला आणि पुस्तक छापायला दुसऱ्या गावी गेले. नोव्हेंबरात आर्वोची बोट सरोवरातून परत आली नाही. आर्वोही सापडला नाही.

पेपरवाल्यांनी फोटो मागितला. घरात त्याचा एकच बरा फोटो होता, वाढदिवसाचा. त्या दिवशी केक कापायची घाई, रबरबँड कोण लावत बसणार? मी लेम्पीच्या कोटाच्या खिशात पडून होतो. नागड्या फ्लॅशने आर्वोच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्याफटक झाल्या. डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या चकत्या. पेपरात तेच छापून आलं.

लेम्पीने कॅमेरा आणि मला खणात टाकलं. छापखान्यातून पुस्तक आणि निगेटिव्ह परत आले, तो पुडा तिने न उघडताच माझ्यावर ठेवला. हिवाळाभर मी अंधारात ऐकत होतो. भांडी घासता घासता ती भिंतीवर लावलेल्या त्याच वाढदिवसाच्या फोटोशी बोलायची, "अरे, माझ्याकडे बघ ना. एकदा तरी बघ." तो कसा बघणार? त्याचे डोळे मीच घालवले होते, असं मला वाटायचं, आणि त्या दोन पांढऱ्या चकत्या मला खणातही दिसायच्या.

बर्फ वितळल्यावर मुलगी केर्तू घर आवरायला आली. खण उघडून तिने मला कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. मग पुडा फोडला आणि निगेटिव्ह कशावर धरून बघावेत म्हणून इकडेतिकडे पाहिलं. पिशवीतून मला काढून तिने खिडकीच्या काचेला टेकवलं आणि माझ्यावर निगेटिव्हची पहिली पट्टी धरली.

हिल्या खुर्चीत होती. पुस्तकात छापताना छापखान्याने फोटोची जी कड कापून टाकली होती, तिथे पडद्याचं टोक धरून एक माणूस उभा होता. चष्मा कपाळावर. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, म्हणून चेहरा काळा आणि बुबुळं पांढरी.

"आई, इकडे ये. बाबा आहेत यात."

दुसऱ्या पट्टीतही होता. तिसऱ्याही. लेम्पीने डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक फोटो बघत राहिली.

"हा खुर्चीकडे बघतच नाहीये," ती शेवटी म्हणाली. "एकाही फोटोत नाही. माझ्याकडे बघतोय, मेला! दिवसभर माझ्याकडेच बघत होता."

आणि ती रडू लागली.

मित्रांनो, आता भिंतीवर तो फोटो आहे. हिल्याचा खांदा आणि कडेला आर्वो. मी खिडकीत उभा आहे, माझी वाकडी कड वर करून. तुमच्याही घरी कुणीतरी दिवसभर पडदा धरून उभं असेल. त्याला आधी खुर्चीत बसवा. रोल संपायच्या आधी.