भिंतीकडे तोंड केलेली फळी

मी एक जुना, चपटा, चार बोटं रुंद ब्रश आहे. माझे केस मात्र मोजू नका हं, मित्रांनो, तो विषय निघाला की मला धडकीच भरते. कारखान्यातून आलो तेव्हा कसे दाट होते! आता दर आठवड्याला एखादा गळतो, आणि टकल्या ब्रशला दुकानात कोण ठेवून घेणार?

आमचं दुकान पाट्या रंगवण्याचं. कोऱ्या फळीवर पांढरं अस्तर द्यायचं काम माझं. मग माझे बारीक भाऊ येतात आणि त्यावर ‘चष्मे’, ‘शिवणवर्ग’, ‘येथे गाडी लावू नये’ असं झोकात लिहून जातात. कौतुक सगळं त्यांचं! पण आमचे पेंटर म्हणायचे, “या गड्याने अस्तर दिलं की अक्षर कसं बसतं बघा!” त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

पेंटरांचं एक गुपित होतं. दुकान उघडायच्या आधी ते एका फळीवर स्वतःचं चित्र काढायचे. कोणी मागितलेलं नाही, कोणाला द्यायचं नाही. पायरीवर बसलेली एक बाई, बस्स. बाहेर चपला वाजल्या की फळी लगेच कोऱ्या फळ्यांच्या रांगेत, भिंतीकडे तोंड करून! “पूर्ण झाल्यावर दाखवू,” असं पुटपुटायचे. पण रोज कोणाची तरी घाईची पाटी यायची आणि चित्र तपकिरी रंगापाशीच अडलं होतं. लांबून वाटायचं, फळीवर चहा सांडलाय. माझ्या जिवाला मात्र घोर लागला होता. चुकून हीच फळी अस्तराला घेतली तर? ती पुसून टाकणारा मीच ना!

आणि तो दिवस आलाच. दातांच्या डॉक्टरांना संध्याकाळपर्यंत पाटी हवी होती. पेंटर दुसरीकडे पाटी ठोकायला गेले होते, म्हणून काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मदतीला आल्या. मापाची फळी नेमकी तीच निघाली.

“शी! केवढे डाग पाडून ठेवलेत,” असं म्हणत त्यांनी मला अस्तरात बुडवलं.

पहिला पट्टा पायरीवर गेला. दुसरा गुडघ्यांवर. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मला एकच गोष्ट येते, जिची मला आयुष्यभर लाज वाटली. मी केस गाळला.

ओल्या रंगात केस राहिला तर जन्मभर दिसतो, म्हणून तो लगेच नखाने उचलायचा, हा आमच्या दुकानाचा नियम. काकू वाकल्या, अगदी नाक टेकेपर्यंत. आणि थबकल्या. केसाशेजारी एक हात होता. त्याची करंगळी वाकडी होती. काकूंनी आपली करंगळी बघितली. लहानपणी दारात चेंगरलेली, तश्शीच वाकडी!

तेवढ्यात पेंटर परतले.

“अहो, ही कोण?”

पेंटरांचा चेहरा अस्तराहून पांढरा. “अगं… तूच.”

“मी? आणि मला शिक्षा केल्यासारखं भिंतीकडे तोंड करून उभं केलंत?”

“आधी लोकांची कामं. म्हटलं, जमलं तर मग…”

“जमलं तर म्हणे! पुसा आधी ते पांढरं. डॉक्टरांना मी सांगते, पाटी उद्या मिळेल. एका दिवसात काही गावाचे दात पडत नाहीत!”

खालचा रंग वाळलेला होता, म्हणून वाचला. तरी गुडघ्यांपाशी पांढुरकी छटा राहिलीच. पेंटरांनी ती लांबून, जवळून न्याहाळली. मग बारीक भावांना सोडून त्यांनी मला उचललं! मला! चार हलके फटकारे, आणि त्या छटेचं सकाळचं धुकं झालं.

आता दुकानाच्या दारावर पाटी असते : ‘आत माझं काम चालू आहे. तुमच्या कामासाठी दहानंतर या.’ मजकूर काकूंचा, अस्तर माझं.

धास्ती अजून आहेच. चित्राचा चेहरा बाकी आहे आणि माझे केस थोडेच उरलेत. म्हणून मित्रांनो, काम झालं की आम्हाला लगेच धुवा, रंग मुळाशी वाळू देऊ नका. आणि तुमचं स्वतःचं काही अर्धवट असेल, तर ते असं लपवू नका, घरातल्या एकाला तरी दाखवा. दर वेळी वेळेवर गळायला केस कुठून आणायचा?